यहोशवाची पट्टी
चर्चमधल्या कीर्तनात मोशेचं आख्यान लावलं, की बुवा आजवर वचनदत्त देशाच्या वेशीवरची शेवटची नदीही स्वतःच गाऊन ओलांडत. आज मात्र मोशेने आपल्यामागून लोकांना नेणाऱ्या यहोशवाच्या डोक्यावर हात ठेवून डोंगरावर डोळे मिटले, तिथेच बुवांनी हातातले टाळ, पेटीवर साथीला बसलेल्या सुनेच्या हाती दिले. "आता लोकांना तू पलीकडे ने."

ती उभी राहिली. बुवा पेटीवर बसले. इतक्या वर्षांच्या साथीच्या सवयीने तिने सासऱ्यांचीच खालच्या सुराची पट्टी धरली आणि आवाज घशातच रुतला. मंडळी चुळबुळू लागली. "बुवा, तुम्हीच घ्या!" पुढच्या बाकावरून कोणी म्हणालं.

तबलजी हसले. "सूनबाई, सासऱ्यांचा कोट घालून आलात होय? बाह्या लोंबतायत!"

बुवा जागचे हलले नाहीत. "पोरी, देवाने यहोशवाला मोशेचा आवाज नव्हता दिला. देव स्वतः त्याच्याबरोबर गेला. तुझी पट्टी कोणती?"

"काळी चार, बाबा."

बुवांनी काळी चार दाबली. तबलजींनी कुरकुरत हातोडी उचलून तबला त्या सुराला चढवला. तिने तान घेतली, नदी दुभंगली आणि सगळ्या मंडळींबरोबर बुवाही पहिल्यांदाच कोणाच्या तरी मागून, डोलत डोलत पलीकडे गेले.