तेलकट भिंगातून दिसलेल्या पेशी

मित्रांनो, माझ्या डोक्यावरच्या फायली जरा बाजूला करता का? हां, आता मोकळेपणी बोलता येईल. मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. इस्पितळाच्या रक्ततपासणीच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. वय विचारू नका. अंगावरचा काळा रंग जागोजागी उडालाय, पण नजर अजून शाबूत आहे.

कारखान्यातल्या कसबी हातांनी माझी भिंगं घासली, जुळवली. त्यांतल्या सर्वांत मोठ्या भिंगाला काचपट्टीवर तेलाचा थेंब लागतो. बाकीच्यांना मात्र तेल अजिबात खपत नाही. पुढचं सगळं रामायण यावरूनच घडलं.

ऐन उमेदीत माझा काय थाट होता! डॉक्टर माझ्यापुढे ताटकळत उभे राहायचे. इथल्या मुख्य तंत्रज्ञ बाईंना सगळे मोजणीबाई म्हणतात. त्या माझ्यातून शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि शंका आली की आणखी शंभर. मग मोजणीचं यंत्र आलं. ते मिनिटभरात कागद बाहेर टाकतं. माझ्यावर कापड पडलं आणि कापडावर फायली. खरं सांगतो, फार लागलं मनाला.

त्या दिवसांत वॉर्डात एक ड्रायव्हरकाका होते, शाळेची बस चालवणारे. त्यांना रक्ताचा कर्करोग झाला होता. डॉक्टरांनी कडक औषधं देऊन त्यांच्या रोगट पेशी मारल्या आणि धाकट्या बहिणीच्या निरोगी पेशी त्यांच्या अंगात सोडल्या. दोघांचं लहानपणापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य! रक्ताच्या नळ्या आणणाऱ्या नर्सकडून मला सगळं कळायचं. काका म्हणाले होते, "आता तुझं रक्त माझ्यात. मीही दिवसभर कटकट करणार बघ."

"करच! नुसता गप्प पडून राहिलास तर याद राख," असं बहीण म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं.

आता नीट ऐका हं. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी पहारेकऱ्याचं काम करतात. कर्करोगाच्या पेशी घरच्यांसारख्या वावरतात, म्हणून काकांचे स्वतःचे पहारेकरी फसले होते. बहिणीचे पहारेकरी तिऱ्हाईत, त्यामुळे ते लपलेली रोगट पेशीही हुडकू शकतात. कधी आगाऊपणा करून चांगल्या कातडीवरही धावून जातात, तेव्हा डॉक्टरांना त्यांना आवरावं लागतं. पण ते लवकर जमले, की रोग उलटायची भीती बहुधा कमी होते.

बहिणीच्या पेशी सोडल्यावर चौथ्या आठवड्यात यंत्राने काकांच्या रक्ताचा कागद टाकला: संशयास्पद मोठ्या पेशी! नव्या तंत्रज्ञ ताईंनी घाईघाईने माझं कापड काढलं, पट्टीवर तेल टाकलं आणि त्या तेलातून चुकून कोरडं भिंग फिरवलं. झालं! माझी नजर गढूळ झाली. सगळ्या पेशी फुगलेल्या आणि पुसट दिसू लागल्या. "अगं, भिंग पूस!" असं मला ओरडावंसं वाटत होतं, पण मला कुठे तोंड आहे?

"रोग परत आलाय बहुतेक," ताईंनी डॉक्टरांना फोनवर सांगितलं. डॉक्टरांनी ते खरं धरलं असतं तर पुन्हा कडक औषधं सुरू झाली असती आणि बहिणीच्या नुकत्याच रुजलेल्या पेशीही मेल्या असत्या. तपासणीचा कागद न्यायला आलेली बहीण दारातच उभी होती. तिने ते सगळं ऐकलं.

तेवढ्यात मोजणीबाई आल्या. त्यांनी मला डोळा लावला आणि त्या करवादल्या, "अगं बाई, हे भिंग आहे की तळणाचा झारा?"

ताईंचं तोंड एवढंसं झालं. बाईंनी मऊ कागदाने भिंग पुसलं, मग मोठं भिंग लावून मोजायला सुरुवात केली. शंभर झाल्या, दोनशे झाल्या.

"ये, बघ. मोठ्या आहेत, कबूल. पण आतले लालसर दाणे दिसतायत? मला तरी या पहारेकरी पेशी वाटतायत."

"म्हणजे काकांच्या बहिणीच्या?" ताईंनी विचारलं.

"असाव्यात. पक्की तपासणी होऊ दे. तोवर नवं औषध नको म्हणावं डॉक्टरांना."

दोन दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. तिसऱ्या दिवशी नर्स धावतच आली. पेशी बहिणीच्याच होत्या आणि रोगाचा मागमूस नव्हता! मोजणीबाई चष्मा काढून खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

मित्रांनो, माझा कुणावर राग नाही. यंत्राने शंका घेतली ते बरंच झालं, आणि ताई आता रोज सकाळी माझी भिंगं पुसतात. तुम्हांलाही एवढीच विनवणी आहे. हातातलं साधन नवं असो वा जुनं, काम झालं की पुसून ठेवा. त्यातून बघून कुणीतरी कुणाच्या तरी जिवाचा निर्णय घेणार असतं.

काका दर महिन्याला बहिणीला घेऊन तपासणीला येतात. गेल्या खेपेला मोजणीबाईंनी त्यांना त्यांच्याच रक्ताची पट्टी दाखवली. काका कितीतरी वेळ डोळा लावून बसले.

"या सगळ्या हिच्या?"

"सगळ्या."

काका मान वर न करताच म्हणाले, "लहानपणी मी तुला खिडकीची जागा कधी दिली नाही गं."

"मग आता सरक," बहीण म्हणाली. "मला बघू दे."

काका लगेच सरकले.