पन्नासवरचा काटा

बाबांची दोन सीटची जुनी स्पोर्ट्‌स कार दादाच्या आणि माझ्या, दोघांच्या नावावर आहे. म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात दादा ती चालवतो आणि मी पुसते. बावीस वर्षं हा कार्यक्रम सुरळीत चालू आहे. मी चावी मागितली की दादाचं उत्तर ठरलेलं असतं.

"तू गाडी पिदडतेस. तुझ्या हातात इंजिन तापतं."

"किती तापतं?"

"खूप."

मी प्रयोगशाळेत नोकरी करते. तिथे 'खूप' हे एकक चालत नाही.

यंदा जुन्या गाड्यांच्या शर्यतीचा अर्ज आला. टेकडीचा सहा किलोमीटरचा चढ, आणि एका गाडीला एकच चालक. मी म्हटलं, या खेपेला माझं नाव घालायचं. दादाने वाद घातला नाही. त्याने इंजिनातल्या तेलाचं तापमान दाखवणारं मीटर मागवलं.

"आता आकडेच बोलतील," तो म्हणाला. "दोघांनी तोच चढ चढायचा. ज्याच्या हातात तेल थंड, त्याचं नाव अर्जावर."

इतकं न्याय्य बोलणं ऐकून वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

मीटर अर्थातच दादाने स्वतः बसवलं. सोबत आलेलं माहितीपत्रक त्याने न वाचता चहाच्या कपाखाली ठेवलं. मग गाडीखाली उताणा शिरून इंजिनाच्या तळाचा, तेल काढायचा बोल्ट काढला आणि त्या जागी मीटरचा सेन्सर बसवायला घेतला. विजेरी माझ्याकडे, शिकलेलं माणूस हाताशी असलेलं बरं, असं त्याचं मत होतं. तेल गळू नये म्हणून त्याने सेन्सरच्या आट्यांना नळाला लावतात ती पांढरी टेप गुंडाळली. मी सात वेढे मोजले.

"एवढी टेप, दादा?"

"गळलं तर पुसायला तूच येणारेस."

हे खरं असल्यामुळे मी विजेरी नीट धरली.

शनिवारी सकाळी पहिला मान दादाचा. मी शेजारी बसले. तो अख्खा चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढला, कारण गिअर बदलले की गाडीला त्रास होतो, असं त्याला वाटतं. इंजिन कोंडून घातलेल्या जनावरासारखं ओरडत होतं. पाण्याच्या तापमानाचं मीटर नव्वदवर गेलं. तेलाचा नवा काटा मात्र सर्वांत खालच्या आकड्यावर, पन्नासवर, ढिम्म.

"बघ," दादा म्हणाला. "बर्फ!"

तासाभराने इंजिन निवल्यावर माझी पाळी. मी तिसऱ्या गिअरमध्ये चढले. वर पोचलो तेव्हाही काटा पन्नासवरच होता. दादाने काचेवर टिचकी मारली. मग दुसरी मारली. मग मूठ.

"मीटर बिघडलं."

"तुझ्या वेळी बरोबर होतं?"

"माझ्या वेळी अगदी बरोबर होतं. तू खड्ड्यातून घातलीस ना गाडी, तेव्हा बिघडलं."

घरी आल्यावर मी कप उचलून माहितीपत्रक वाचलं. त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की सेन्सरला अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच मिळतं, तेव्हा टेप लावू नये, काटा हलणार नाही. मी वायरचा एक तुकडा घेतला, एक टोक सेन्सरच्या अंगाला लावलं, दुसरं इंजिनाच्या लोखंडाला. वहिनीला म्हटलं, "काटा बघ ना जरा."

"उठला!" वहिनी ओरडली. "वन्सं, नव्वदच्या पुढे गेला! अहो, जरा इकडे या, तुमचा बर्फ वितळला."

दादा आला, बघितलं आणि म्हणाला, "म्हणजे अर्थिंग सैल होतं. मला वाटलंच होतं."

दुपारी मी तेल स्वच्छ ट्रेमध्ये काढून घेतलं, टेपचे सातही वेढे सोलले आणि सेन्सर तांब्याच्या वायसरवर घट्ट बसवला. एक थेंब गळला नाही. सेन्सर बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून प्रयोगशाळेच्या थर्मामीटरशी ताडून पाहिला होता. ऐंशीला एक्क्याऐंशी दाखवत होता. "ते पातेलं आता गाडीचंच," वहिनीने जाहीर केलं.

रविवारी पुन्हा तोच चढ, तेच दोघं, मध्ये तेवढाच वेळ थांबून निवलेलं इंजिन. या वेळी पहिला मान माझा, कारण शनिवारी तो दादाचा होता. माथ्यावर माझा आकडा एकशे सहा. मग दादा, दुसरा गिअर, तीच किंचाळी. एकशे चोवीस.

माथ्यावर त्याने गाडी उभी केली. बराच वेळ तो काट्याकडे बघत बसला. काटा उतरेल अशी त्याला आशा असावी. तो उतरला नाही.

"ऊन वाढलंय," तो म्हणाला.

"दोन अंशांनी. हवेचं तापमानही मोजलंय मी."

"तू काय काय मोजतेस गं!"

"बावीस वर्षं 'खूप' ऐकलंय, म्हणून."

दादाने चावी गाडीतच ठेवली. उतरून पलीकडच्या बाजूला आला, माझं दार उघडलं आणि उभा राहिला. मला कळायला क्षणभर लागला की तो जागा बदलायला सांगतोय. उतारावरून गाडी मी घरी आणली. दादाने वाटेत तीनदा सांगितलं की हळू, आणि एकदा, अगदी पुटपुटत, की तिसऱ्यात आवाज बरा येतो.

संध्याकाळी तो अर्ज घेऊन माझ्याकडे आला. चालकाच्या रकान्यात माझं नाव होतं, त्याच्या हस्ताक्षरात, जरा जास्तच दाबून लिहिलेलं. त्याखाली त्याने पट्टीने रेघ मारून एक नवाच रकाना आखला होता: तापमान तज्ज्ञ. त्यात त्याचं नाव.

"असा रकाना नसतो, दादा."

"नसू दे. गाडी काय, कुणीही चालवतं. काट्यावर नजर ठेवणं हे खरं काम."

मी रकाना तसाच ठेवला आणि सही केली.