तरंगणाऱ्या पेशी

आमच्या प्रयोगशाळेत एक समज होता: द्रवाने भरलेल्या बशीच्या तळाला चिकटलेली पेशी जिवंत, वर तरंगणारी मेलेली. सरांनी तो त्यांच्या सरांकडून उचलला आणि मी आमच्या सरांकडून. निळा रंग टाकला की मेलेली पेशी निळी होते, जिवंत होत नाही, हे आम्हा दोघांनाही पाठ होतं. पण रंग लावायचा तर प्रत्येक बशीमागे अर्धा तास जातो. तरंगतंय ते मेलेलंच, त्याची कसली परीक्षा घ्यायची, असं सर म्हणायचे. मीही तरंगणारं सगळं मोजून मेलेल्यांच्या रकान्यात टाकून मोकळी व्हायची.

पेशी स्तनाच्या कर्करोगाच्या होत्या. त्यांना आतून सारखा निरोप जात असतो, वाढा, वाढा. आमचं औषध तो निरोप मधेच अडवायचं. औषध घातलं की दोन दिवसांत निम्म्या पेशी तळ सोडून वर यायच्या. ते बघून मला सूड घेतल्यासारखा आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू? माझ्या ताईच्या उजव्या स्तनात तशाच पेशींची गाठ होती.

तेच औषध दवाखान्यात रुग्णांना देऊन बघायला नुकतीच सुरुवात झाली होती. डॉक्टरांनी ताईपुढे दोन वाटा ठेवल्या: नेहमीची केमो, नाहीतर चाचणीत नाव घालून हे औषध. ते स्वतः केमोच घ्या म्हणत होते, पण निर्णय तुमचा, असंही सांगत होते. ताईने केस जाण्याची आणि उलट्यांची धास्ती घेतली होती. फॉर्म घेऊन ती सरळ माझ्याकडे आली.

"तू रोज बघतेस. मरतात का त्या?"

"पटापट मरतात," मी म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तिने माझ्याच टेबलावर सही केली.

चार महिन्यांनी आमचा शोधनिबंध नियतकालिकाकडून परत आला. तपासणाऱ्याने एकच शंका काढली होती: तरंगणाऱ्या पेशी मेलेल्या आहेत, हे कशावरून? सर जाम वैतागले. एकदा रंग लावून त्याचं तोंड बंद कर, म्हणाले. मी लावला. दहातल्या सात पेशींना निळ्याचा स्पर्शही नव्हता. मग त्याच पेशी मी औषध नसलेल्या ताज्या द्रवात सोडल्या. तिसऱ्या दिवशी त्या तळाला घट्ट चिकटून मजेत वाढत होत्या.

सरांनी निबंध पुढ्यात ओढला. मग वाढ तर थांबते ना, तेवढंच लिहू, असं म्हणून त्यांनी निबंधातला 'मृत्यू' खोडला आणि 'वाढ रोखली' असं घातलं. दहा मिनिटांत त्यांचं काम झालं. झाकली मूठ झाकलेलीच राहिली. माझं मात्र ताईकडे जाणं राहिलं होतं.

ती धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. तपासणीत गाठ आहे तेवढीच निघाली म्हणून खुशीत होती, केसही शाबूत होते. बहिणीमुळे वाचले, असं शेजारणीला सांगून झालं होतं. मी चादरीचं दुसरं टोक धरलं आणि सगळं सांगून टाकलं, न लावलेल्या रंगासकट.

तिने घडी पुरी केली.

"औषध थांबलं की?"

"बशीत तरी परत वाढल्या. अंगात काय होईल, ते मला माहीत नाही, ताई."

"हे तेव्हा म्हणायचं होतंस," ती म्हणाली. "मला माहीत नाही, एवढंच. मी डॉक्टरांचं ऐकलं असतं."

मला रडू फुटलं. लाज वाटली, कारण रडायची पाळी तिची होती. तिने माझ्या हातातलं चादरीचं टोक काढून घेतलं.

"उद्या दवाखान्यात हे येतील माझ्याबरोबर," ती म्हणाली. "तू येऊ नकोस."