पाचपैकी पाच

गुरुजींनी लिफाफा दवाखान्याच्या रिपोर्ट देण्याच्या खिडकीपाशीच फोडला, तेव्हा आत बसलेली वर्षाली हातातलं काम सोडून बघू लागली. तो रिपोर्ट सकाळी तिनेच टाइप केला होता आणि वरचं नाव वाचून तिची बोटं थबकली होती. जंगू कुमरे, वय एकोणसत्तर, कारंजा. तिला चौथीपर्यंत शिकवणारे कुमरे गुरुजी.

लघवीचा त्रास त्यांनी वर्षभर अंगावर काढला होता. शेवटी बायको रामबाई हात धुऊन मागे लागली, रक्ततपासणी झाली, त्यात प्रोस्टेटचा आकडा वाढलेला निघाला आणि डॉक्टरांनी त्या ग्रंथीचा एमआरआय काढायला लावला. रिपोर्ट चांगला असला तर ही शेवटची खेप, पुन्हा दवाखान्याची पायरी चढणार नाही, असं गुरुजींनी आल्या आल्या वर्षालीलाही ऐकवलं होतं.

बाकीचं इंग्रजी त्यांनी सोडून दिलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे ठळक अक्षरांत गुण होते, पाच. खाली एक ते पाच अशी पट्टी छापलेली.

“पाचपैकी पाच,” गुरुजी म्हणाले. “एकतीस वर्षं मास्तरकी केली पोरी, पण असे पुरे मार्क मी कोणाले देल्ले नाई.”

खोटं नव्हतं ते. वहीत समास सोडला नाही म्हणून त्यांनी वर्षालीचाही अर्धा मार्क कापला होता, आणि ती दिवसभर रडली होती. आता ते दर्शनी काचेतून बाहेर कडुनिंबाखाली बसलेल्या रामबाईला पाच बोटं दाखवत होते. रामबाईने वर आभाळाकडे बघून हात जोडले.

रिपोर्ट देणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, सांगायचं ते डॉक्टर सांगतील, असा इथला दंडक. तो मोडला म्हणून मागे एकाला घरी बसवलं होतं. पण लघवीच्या विकारांचे डॉक्टर फक्त मंगळवारी, म्हणजे आज, यायचे आणि दोनला निघून जायचे. गुरुजी तर दीडच्या गाडीची चौकशी करत होते. असे गेलेले लोक वर्षालीने परत येताना पाहिले होते. कंबर धरून, दोघांच्या खांद्यावर, हाडांत दुखतंय म्हणत यायचे.

“गुरुजी, डॉक्टरले भेटून जाजा.”

“आता काऊन? पास झालेल्या पोराले कोणी पुन्हा परीक्षेले बसवते का?”

वर्षाली खुर्चीवरून उठली आणि दार उघडून बाहेर त्यांच्याजवळ आली. इथले मार्क उलटे असतात, तिने हलक्या आवाजात सांगितलं. एक म्हणजे निर्धास्त. आकडा वाढला की संशय वाढतो आणि पाच म्हणजे कॅन्सर असण्याची दाट शक्यता. तिथला छोटा तुकडा काढून तपासल्याशिवाय पक्कं म्हणता येत नाही, पण तपासायलाच हवं, आणि लवकर.

गुरुजींनी रिपोर्ट पुन्हा उघडला. मघाशी सोडलेला मजकूर आता ते एकेका शब्दावर बोट ठेवत वाचू लागले. मग कागदाची नीट घडी घातली.

“सांगतलं ते चांगलं केलं,” ते म्हणाले. “तुह्या नोकरीले काही होणार नाई न?”

तिने नकारार्थी मान हलवली. काय होईल ते तिला तरी कुठे ठाऊक होतं. डॉक्टरांची खोली तिने हाताने दाखवली. दोनला पंचवीस मिनिटं होती. मी काकूंना बोलावून आणते, तुम्ही नंबर लावा, असं म्हणून ती निघाली.

गुरुजींनी तिला हाताने अडवलं. ते काचेतून बाहेर बघत होते. सकाळपासून रामबाईने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. आता तिने डबा उघडला होता आणि मोठे मोठे घास करून ती खात होती.

“थांब जरा. तिले जेऊ दे पह्यले.”

तिला दिसणार नाही अशा बेताने ते दाराआड उभे राहिले. बाहेर रामबाईने दुसरी भाकरी घेतली.