उतलेला बिब्बा

"मोडना का काटा?" मंजुळाबाईनं विचारलं.

"मोडना. टोक आत ऱ्हायनं," तोताराम म्हणाला आणि भुरीचा पुढचा पाय त्यानं पुन्हा गुडघ्यांत दाबून धरला. बैलाचा पाय धरायची त्याची जी रीत, तीच कुत्रीचा पाय धरायची. दुसरी रीत त्याला ठाऊकच नव्हती. भुरीचं तोंड मंजुळाबाईच्या कुशीत होतं. ती कण्हत होती, पण चावत नव्हती.

काटा बाभळीचा होता. पंजाच्या गादीत शिरून आतच तुटलेला, आणि त्याच्याभोवतीची जागा सुजून टणक झालेली. तोतारामनं हत्यारांच्या झोळीतून बिब्ब्यांची पुरचुंडी काढली, एक बिब्बा दाभणाला टोचला आणि चुलीतल्या निखाऱ्यावर धरला.

"तू दूर सरक," तो बायकोला म्हणाला. "तुले उतस."

बिब्ब्याचं तेल कुणाला चालतं, कुणाला चालत नाही. तोतारामच्या हाताला ते पाण्यासारखं. मंजुळाबाईला मात्र लग्नाच्या पहिल्याच वर्षी एवढासा थेंब लागला होता, तर कोपरापर्यंत हात फोडांनी भरून गेला आणि पंधरवडाभर तिच्या हातात लाटणं धरवलं नव्हतं. तेव्हापासून घरात बिब्बा निघाला की तिनं लांब व्हायचं, हा नेम. आताही ती चाचपडत भिंतीशी जाऊन बसली. तेल सुटून फसफसायला लागलं तसं तोतारामनं ते काट्याच्या जागी नीट चेपून लावलं आणि वरून चिंधी गुंडाळली.

"पन ती चाटी नं," मंजुळाबाई भिंतीशी बसूनच म्हणाली.

"चाटू दे. कुत्रानी जीभ म्हनजे कुत्राना दवाखाना," तोताराम म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर हसला.

तोताराम बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकायचा. शिरपूरच्या जिनांकडे कापसाच्या गाड्या लागल्या की त्याला जेवायला सवड नसे. बैल पाडायचा, चारी पाय बांधायचे, खूर तासायचा, पत्री बसवायची. खूर चिरला असेल तर चिरेत बिब्बा भरायचा. पंचक्रोशीतला गाडीवान म्हणायचा, तोतारामनं ठोकलेली पत्री बैल मेला तरी निघत नाही. हे कौतुक होतं आणि तोताराम ते कौतुक म्हणूनच घ्यायचा. मुंबईचं द्विभाषिक राज्य झालं तो हिवाळा होता. गावातले शिकलेले लोक पारावर त्यावरून भांडत असत, पण तोतारामला त्यातलं एवढंच कळलं की राज्य कुणाचंही आलं तरी बैलाचा खूर झिजायचा तो झिजतोच.

एकुलती लेक पिंपळनेरला दिलेली. घरात दोघंच. चार वर्षांपूर्वी मंजुळाबाईला मोठा ताप आला, आणि उतरला तो तिचे डोळे घेऊन. सुरुवातीला बाई उंबऱ्यावर बसून राहायची आणि आल्यागेल्याच्या पावलांवर रडायची. मग कधीतरी सातपुड्याकडून आलेल्या एका गाडीमागून ही तांबूस रंगाची कुत्री आली. गाडी पुढे गेली, कुत्री राहिली. मंजुळाबाईनं तिच्या गळ्यात काथ्याची दोरी बांधली आणि दुसरं टोक आपल्या हातात ठेवलं. कुणी शिकवलं नाही, कुणाला शिकवता येण्यासारखं ते नव्हतंही, पण महिन्याभरात भुरी बाईला विहिरीवर नेऊ लागली, महादेवाच्या देवळात नेऊ लागली. समोरून गाडी आली तर आडवी उभी राहायची. पुढे पुढे गावात मंजुळाबाईला आंधळी म्हणायची लोकांची सवयच मोडली.

बाईनंही तिची सेवा करायची बाकी ठेवली नाही. रोज दिवेलागणीला कोमट पाण्यात मीठ टाकून चारी पंजे धुवायची. बोटांच्या बेचक्यांत सराटे अडकलेत का, चिखल वाळून बसलाय का, ते बोटानं चाचपायची. नखं वाढली की तोतारामकडून कापून घ्यायची. उन्हाळ्यात गाद्या भेगाळल्या की एरंडेल चोळायची. शेजारच्या भिकनला थट्टेला तेवढं पुरे व्हायचं. तो म्हणायचा, "मंजुळाअक्का कुत्रीना पाय धुईसन तीर्थ पेस." बाई हसायची. जिच्या पायांनी आपण चालतो ते पाय धुवायचे नाहीत तर कुणाचे धुवायचे, असं तिला मनापासून वाटायचं.

बिब्बा लावला त्याच्या दुसऱ्या पहाटे तोताराम झोळी घेऊन बाहेरगावी गेला. हंगामाचे दिवस. एका गावचा बाजार, तिथून दुसऱ्या गावचा, असं करत तिसऱ्या दिवशी दुपारी तो परतला, तर त्याच्या अंगणाच्या कुडाबाहेर माणसं उभी होती. भिकन पुढे आला.

"तोतारामभाऊ, तुमनी कुत्री पिसाळनी."

"कोन म्हनस?"

"बठ्ठं गाव म्हनस. दोन दिन व्हयनात, खाई नही ऱ्हायनी. लाळ गळी ऱ्हायनी. पानी देखीसन मांगे सरस."

भिकनच्या मागे धनसिंग काठी घेऊन उभा होता. धनसिंग काही दुष्ट माणूस नव्हता. दिवाळीच्या आधी त्याचा मेहुणा पिसाळलेलं कुत्रं चावून गेला होता. चावल्या जागी मिरची भरून घरच्यांनी सगळं निभावलं असं मानलं, आणि पुढे तो पाण्याचा तांब्या पाहून किंचाळत, दोरांनी बांधलेल्या खाटेवर मेला. ते धनसिंगनं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर गावात कुत्रं खोकलं तरी लोक दारं लावत.

अंगणात मंजुळाबाई बसली होती आणि भुरीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. ओठ सुजलेले, जबडा लोंबलेला. लाळेची तार बाईच्या मनगटावरून खाली ओघळत होती आणि त्या लाळेत रक्ताची रेघ होती.

"अक्का, हात काढा तठून," धनसिंग कुडाबाहेरून म्हणाला. "मना मेहुना असाच गया."

"पिसाळेल नही ती," मंजुळाबाई म्हणाली. "तिना पाय दुखस, म्हनीसन खात नही."

तोतारामनं परळात पाणी आणून भुरीसमोर ठेवलं. सगळी माणसं मान पुढे करून पाहू लागली. भुरी उठली. तीन पायांवर लंगडत परळापाशी आली, पाण्याला जीभ लावली आणि केकाटून मागे सरली. परळ उलटला. कुडाबाहेर कुणीतरी "देखं?" म्हणालं. भिकननं काठीचं टोक तिच्या बरगडीला लावून पाहिलं तर तिनं दात काढले. आणखी काय पुरावा हवा होता? पाचामुखी परमेश्वर म्हणतात, आणि इथं तर पंधरा मुखं होती.

"बांधी ठेवा तिले," मंजुळाबाई विनवू लागली. "चार दिन देखा. मी तुमना पाय धरस."

"दोर तोडीसन गावमा सुटनी तं?" धनसिंग म्हणाला. "कोनी पोरंसोरं चावाई गयात तं कोन जबाबदार?"

तोतारामनं बायकोच्या ओल्या मनगटाकडे पाहिलं. डोळे गेले, आता ही बाईसुद्धा जाते की काय, एवढी एकच भीती त्याच्या मनात राहिली. बाकी सगळं त्या भीतीनं पुसून टाकलं.

"माले करू द्या," तो म्हणाला. "काठ्या ठेवा तुम्ही. काठीखाले जीव लवकर जात नही."

भिकनची बायको कमलबाई मंजुळाबाईला दंडाला धरून घरात घेऊन गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. तोताराम झोळी घेऊन परसात गेला. चिंचेखाली, जिथं तो गावातले बैल पाडत असे तिथं, तो उकिडवा बसला आणि त्यानं भुरीला हाक मारली. ती आली. त्याच्यासमोर बसली आणि दुखरा पाय उचलून तिनं त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

पत्री ठोकताना तोतारामची हातोडी कधी चुकत नसे. तेव्हाही चुकली नाही.

शिरपूरच्या दवाखान्यात सांगितलं, लाळ लागलीय ना, मग धुळ्याला न्या, पोटात चौदा सुया घ्याव्या लागतील. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं एस.टी.त बसली. धुळ्यात मिलच्या चाळीत मंजुळाबाईची मावसबहीण पुष्पाबाई राहायची, तिच्याकडे पंधरा दिवस काढायचं ठरलं. आदल्या दुपारपासून मंजुळाबाई नवऱ्याशी बोलली नव्हती. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. गाडी नरडाण्याच्या पुढे आली तेव्हा ती मनगट खाजवू लागली. आधी सावकाश, मग करकरून. मग एकदम थांबली आणि अंगठ्यानं ती जागा चाचपू लागली.

"भुरीले बिब्बा लावा तधळ मना हातले लागना व्हता का?" तिनं विचारलं.

"नही. तुले तं दूर बसाडं व्हतं."

"झोळीले मी हात नही लावा."

"नही."

तोतारामनं तिचा हात धरून उजेडाकडे वळवला. मनगटावर, लाळ ओघळली होती त्याच वाटेनं, काळपट लाल चट्टा उठला होता आणि त्यावर पाण्यानं भरलेल्या बारीक फोडांची दाटी. तो चट्टा त्यानं तीस वर्षांपूर्वी पाहिला होता आणि विसरणं शक्य नव्हतं. बिब्बा उतला होता. पण बाईला बिब्बा शिवला नव्हता, शिवलं होतं ते फक्त कुत्रीचं तोंड.

मग त्याला सगळंच दिसायला लागलं. बैल आपला खूर चाटत नाही. माणूसही आपली टाच चाटत नाही. जन्मभर त्यानं बिब्बा लावला तो या दोघांना. कुत्री चाटते, चिंधी फाडून चाटते, दुखलं की जास्तच चाटते. जीभ उतली, ओठ उतले, घसा उतला. मग ती खाणार काय आणि पिणार काय? बाई बोलली होती, ती चाटेल म्हणून. बायकोचा हात त्यानं सोडून दिला. तिनं तो पदराखाली घेतला.

धुळ्याच्या दवाखान्यात लांब ओळ होती. तोताराम तिथं उभा राहून मनाशी झगडत राहिला. गप्प बसलं तर गावात कुणाला कळणार नाही, पण बाईच्या पोटात चौदा सुया जातील, आणि त्याही फुकट. पुढचा एक दांडगा गडी सुई घेऊन पोट धरून वाकत बाहेर आला. कंपाउंडरनं मंजुळाबाईचं नाव पुकारलं तसा तोताराम तिच्या आधी आत शिरला.

"साहेब, कुत्री पिसाळलेली नव्हती," तो म्हणाला. दवाखान्यात शुद्ध बोलायचं एवढं भान त्याला तशाही वेळी राहिलं. "मीच तिच्या पायाला बिब्बा लावला. तिनं तो चाटला, म्हणून लाळ. हिचा हात बघा."

डॉक्टरांनी हात पाहिला, बराच वेळ पाहिला. "बिब्ब्याचंच दिसतंय," ते म्हणाले. "पण त्यावरून कुत्र्याला तो रोग नव्हताच असं मी लिहून देऊ शकत नाही. कुत्री कुठं आहे?"

"मारली."

"मग सुया घ्याव्या लागतील. दहा दिवस बांधून ठेवली असती तर आपोआप कळलं असतं. खरोखर पिसाळलेलं कुत्रं तेवढे दिवस जगत नाही." ते रागानं बोलले नाहीत. रोज दहा जणांना सांगायची गोष्ट त्यांनी याला अकरावा म्हणून सांगितली. मग ते म्हणाले, "तुमची अगदी खात्रीच असेल तर नका घेऊ. मी जबरदस्ती करणार नाही. बाई, तुम्ही बोला."

मंजुळाबाई दारातच उभी होती. आवाजाच्या अंदाजानं ती टेबलाकडे चार पावलं आली.

"टोची द्या डाक्टरसाहेब," ती म्हणाली. "मनी कुत्री पिसाळेलच व्हती."

"मंजुळा, मी सांगी ऱ्हायनू नं," तोताराम म्हणाला. "तुनी भुरी चांगली व्हती. मनाच हातथीन चूक व्हयनी."

तिनं त्याच्या दिशेला तोंड वळवलं. रडत नव्हती आता.

"ती पिसाळेल नव्हती असं मी मानं," ती हळू म्हणाली, "तं तुमना संगे त्या घरमा कशी ऱ्हासू?"

कंपाउंडरनं त्याला बाहेर जायला सांगितलं. आतून बाईचा आवाज येईल म्हणून तो कान देऊन उभा राहिला, पण आतून आवाज आला नाही.

ती बाहेर आली तेव्हा एक हात पोटावर होता. तोतारामनं तिचा दुसरा हात धरायला आपला हात पुढे केला, पण तिला ते कळलं नाही, किंवा कळलं असेल तर तिनं दाखवलं नाही. ती भिंतीला हात लावून चालू लागली. व्हरांड्यातली माणसं पाय आखडून तिला वाट देत होती. तोताराम मागून चालला. भिंत संपली तिथं ती थांबली आणि पाऊल पुढे टाकू की नको अशी उभी राहिली.

"पायरी शे," तोताराम म्हणाला.

तिनं पाय खाली सोडला, जमीन लागेपर्यंत सोडत राहिली.

"आजून एक शे," तो म्हणाला.