पंगत नको म्हणाली शालन

"पंगत का बुफे?" केटरर पप्पूनं वही उघडत विचारलं, तेव्हा शालननं नवऱ्याच्या तोंडाकडंही बघितलं नाही.

"बुफे. पंगतीत फार नासाडी होते."

नासाडीचं कारण चारचौघांत सांगायला बरं होतं. खरं कारण धुळा होता, तिचा पाठचा सख्खा भाऊ. आटपाडीच्या पुढं मेंढरं आणि दीड एकर डाळिंब सांभाळून राहणारा. दोन वर्षांपूर्वी पुतणीच्या लग्नात तो पंगतीला बसला, भाताचं आळं केलं, आमटी ओतून घेतली आणि असा भुरका मारला, की समोरच्या ओळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांच्याबरोबर शालनही हसली होती, जणू तो तिचा कुणीच नव्हता.

आता तिच्या राजवर्धनचं लग्न. सून प्रांजल साताऱ्याची, तिचे वडील कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. लग्न साताऱ्यात लागलं. "एवढ्या लांब गाडीभर माणसं कशाला, तुम्ही आपले मिरजेच्या रिसेप्शनला या," असं शालननं माहेरी फोनवर सांगून टाकलं. मुलाच्या मामाला लग्नाला नेलं नाही, हे तिचं तिलाच टोचत होतं. पण पंगतीत माणूस ओळीनं दिसतो. बुफेत कोण कुणाचं, ते कळत नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मिरजेत रिसेप्शन होतं. दुपारी बाराला माहेरचा टेंपो आला. वीस-बावीस माणसं, लाल पटके, आणि पुढं ड्रायव्हरशेजारी आई, धोंडुबाई. स्टेजवर गर्दी आहे म्हणत शालननं आहेर खालीच घेतला आणि सगळ्यांना मागच्या दोन रांगांत बसवलं. ती परत स्टेजवर आल्यावर विहीणबाईंनी विचारलं, "कोण मंडळी हो ही?"

"आमच्या गावाकडची."

फोटोवाला म्हणाला, हसा. शालन हसली.

एक वाजता माईकवरून सांगितलं, जेवल्याशिवाय कुणी जाऊ नये. हॉलमागच्या मांडवात टेबलं लागली होती. लोक ताट घेऊन रांगेला लागले, उभ्यानं जेवले, गेले. शालनची नजर मधूनच मागच्या रांगांकडं जायची. मंडळी बसलेली दिसायची. जेवून बसली असतील, असं ती मनाशी म्हणायची. टेबलांजवळ लाल पटका दिसत नाही, याचं तिला बरंच वाटत होतं, खोटं कशाला बोला.

चारला पप्पू आला. "मावशी, आवरू का आता?"

"आवर."

मग ती माहेरच्यांना निरोप द्यायला खाली उतरली. धुळा उठून उभा राहिला. "सुटलीस व्हय आक्का? पावणं जेवलं का समदं?"

"जेवले की."

"मग आता बशीव आमची पंगत," धोंडुबाई म्हणाली. "मेंढरं दुसऱ्याच्या जिवावर सोडून आलूय बाई."

शालनला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं मागच्या मांडवाकडं हात केला. "आये, मांडवात होतं की सगळं! ताट घ्यायचं नि..."

"न बोलावता?" धोंडुबाईनं विचारलं. त्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

माईकवरचं बोलणं हे बोलावणं नव्हे. घरच्या माणसानं समोर येऊन, हातावर पाणी घालून म्हणायचं असतं, उठा, पान वाढलंय. तोवर जागचं हलायचं नाही. मुलाच्या मामानं तर नाहीच नाही. हे शालनला कुणी शिकवायला नको होतं. याच माणसांत ती वाढली होती.

विहीणबाई निघायची तयारी करून तिकडंच आल्या. "अहो, मी दोनदा म्हटलं मामांना, जेवून घ्या. म्हणाले, आक्का बोलावंल की."

"मामा?" शालनच्या तोंडून निघून गेलं.

"त्यांनीच सांगितलं ना, नवरदेवाचा मामा म्हणून. तुम्ही गावाकडची मंडळी म्हणालात, म्हणून मग मी जास्त काही विचारलं नाही." त्या साधेपणानं बोलल्या. टोमणा मारला असता तर शालनला सोसला असता.

धुळानं हे ऐकलं. पटका काढून त्यानं झटकला, पुन्हा बांधला. "चुकी माजीच, आक्का. येखादं शिकल्यालं पोरगं संगट आणाया पायजे व्हतं. आमी म्हणलं, ती पावण्यांची रांग हाय."

शालन मांडवात पळाली. पुऱ्या संपल्या होत्या, कढई उतरली होती. पातेल्याच्या बुडाला भात, थंड आमटी, जिलेबीचे तुकडे. "मावशी, आधी सांगायचं की हो!" पप्पू म्हणाला. तिनं आमटी पुन्हा चढवायला लावली. हॉलमध्ये पट्ट्या अंथरल्या, स्वतः तांब्या घेऊन एकेकाच्या हातावर पाणी घातलं. विहीणबाईंनी न विचारता मिठाची वाटी उचलली आणि वाढायला लागल्या.

भात सगळ्यांना पुरावा म्हणून जो तो हात आखडता घेत होता. "बास, बास, पोट भरलं," म्हणत होता. आग्रह करायला शालनची जीभ उचलेना. ती धुळासमोर वाकली, तेव्हा त्यानं मान वर केली.

"तू जेवलीस का आक्का? का समद्यांचं करता करता उपाशीच ऱ्हायलीस?"

नाही म्हणावं, इथंच त्याच्या शेजारी बसावं, असं तिला फार वाटलं. पण दोन वाजता साताऱ्याच्या पाहुण्यांबरोबर ती जेवली होती. गुलाबजामसुद्धा दोन घेतले होते.

"जेवले रं," ती म्हणाली.

"लय ब्येस केलंस," धुळा म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं होतं. तो पुन्हा खाली बघून जेवायला लागला.