दुपारचा आकडा

भाचीचे श्वास मोजण्याचे काम माझ्याकडे आले ते माझ्या नोकरीमुळे. मी पाण्याचे मीटर वाचतो. सकाळी सहाला घरातून निघतो, जिन्यांखाली, कुंड्यांच्या आडोशाला, भिंतीच्या कोपऱ्यात बसवलेल्या लोखंडी झाकणांशी ओणवा होतो, काच फडक्याने पुसतो, आकडा उतरवतो आणि कोणाशी फारसे न बोलता पुढच्या दाराशी जातो. माणसांशी बोलण्याची मला पहिल्यापासून धास्ती. आकड्यांशी मात्र माझे कधी बिनसले नाही. एकदा वाचलेला आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. तीन वर्षांपूर्वी पाडलेल्या एका घराचा शेवटचा आकडा मला आजही पाठ आहे.

"तुझं एक बरं आहे," ताई म्हणायची, "तुला माणसं दिसतच नाहीत. नुसती झाकणं दिसतात."

ताई माझी मोठी बहीण. भावोजी दूर एका धरणाच्या कामावर होते, तीन-तीन महिने येत नसत. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघे राहत होतो: ताई, मी आणि तिची चार वर्षांची मुलगी. जन्मली तेव्हा ती इतकी इवली होती की भावोजींनी तिला मुंगी म्हटले, आणि तेच चिकटले. ताई कपड्यांच्या कारखान्यात काजे-बटणे करायची, दुसऱ्या पाळीत. मी साडेबाराला परतायचो, ती पाऊणला निघायची. उंबरठ्यावर आमची रोजची अदलाबदल व्हायची. ती पायांत चपला सरकवता सरकवता सांगायची, "जेवलीय. औषध दिलंय. रडवू नकोस, तिला रडणं परवडत नाही." आणि जिना उतरून जायची.

मुंगी दीड वर्षाची असताना तिला न्यूमोनिया झाला होता. न्यूमोनिया गेला, पण जाताना फुप्फुसांतल्या बारीक नळ्या आकसून ठेवून गेला. त्या पुन्हा मोकळ्या होणार नव्हत्या. आहेत तेवढ्या उघड्या ठेवायच्या, इतकेच हातात होते. ती धावत नसे. जिना चढताना तीन पायऱ्यांनंतर बसायची आणि जणू आपल्याच इच्छेने बसलो आहोत अशा ऐटीत इकडेतिकडे पाहायची. वाक्येसुद्धा ती तुकड्यातुकड्यांनी बोलायची, मधे थांबून, एखादे ओझे या हातातून त्या हातात घ्यावे तशी.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला शिकवले होते. "दुपारी गाढ झोपली की मोजायचं. पोट वर आलं की एक. पूर्ण मिनिटभर. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. धडधाकट मुलाचे पंचवीस-तीस होतात. हिचे अडतीस असतील तर ते हिचं चांगलं चाललंय असं समजा. चाळीसच्या वर दोन दिवस गेले तर तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका. घेऊन या."

त्यासाठी एक वही केली. तारीख आणि आकडा.

मुंगीला या सगळ्याचा खेळ वाटायचा. मी बॅग खुंटीला अडकवली की ती पलंगावर उताणी पडायची आणि फ्रॉक गळ्यापर्यंत वर ओढायची.

"मीटरमामा... बघ माझं... मीटर."

मी फडके काढून तिच्या पोटावरून हलकेच फिरवायचो, डोळा जवळ नेऊन वाचल्यासारखे करायचो आणि गंभीरपणे सांगायचो, "पाणी फार वापरलंय बाई तुम्ही."

"मी नाही... आईनं वापरलं," ती म्हणायची, आणि हसायची, मग खोकला यायचा, मग हसणे खोकल्याच्या मागे राहून जायचे.

ती झोपल्यावर मी खरे मोजायचो. खिडकीतून येणारे ऊन पलंगाच्या पायापर्यंत पोचलेले असायचे. खाली एक माणूस गाद्यांचा कापूस पिंजत बसलेला असायचा. त्याची धूळ आत येऊ नये म्हणून मी खिडकी घट्ट लावून घेई. मुंगीच्या गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत जायचा, कोणी आतून बोटाने ओढावा तसा. मी घड्याळ उशाशी ठेवायचो. त्या एका मिनिटात मी माझा स्वतःचा श्वासही जपून घ्यायचो, त्याचा आवाज तिच्या हिशेबात मिसळू नये म्हणून.

गेल्या पावसाळ्यापासून तिला स्टेरॉइडचे सिरप चालू होते. त्याने ती जगत होती, आणि त्यानेच तिचे गाल फुगले होते, डोळे बारीक झाले होते, अंगावर लव आली होती. भूक राक्षसासारखी लागायची आणि राग त्याहून मोठा. एकदा ताई तिला आरशासमोर उभी करून वेणी घालत होती. घालता घालता थांबली आणि आरशातूनच मला म्हणाली, "माझी मुलगी या गालांच्या आत कुठेतरी आहे, बघ."

डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते की ओळीने दोन आठवडे आकडा चाळीसच्या आत राहिला तर औषध अर्धे करू. त्या दिवसापासून ताईचा जीव त्या वहीत अडकला. कारखान्यातून परत आली की चपला काढायच्या आधी विचारायची, "किती?" मी "अडतीस" म्हटले की तिच्या खांद्यांतून काहीतरी उतरून खाली पडायचे. मी "एकोणचाळीस" म्हटले की तेच ओझे पुन्हा चढायचे.

त्या महिन्याच्या आठ तारखेला आकडा चव्वेचाळीस आला.

मी पुन्हा मोजला. चव्वेचाळीस. मुंगी शांत झोपली होती, ताप नव्हता. पेन हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिलो. दोन आठवड्यांतले सहा दिवस भरले होते. चव्वेचाळीस लिहिले की पुन्हा पहिल्यापासून. ताई दारात उभी राहील आणि विचारेल, आणि तो शब्द मला तोंडाने उच्चारावा लागेल. वाईट बातमी सांगणे मला कधी जमलेच नाही. लहानपणी फुटलेली कपबशी मी महिनाभर कपाटामागे लपवली होती.

आमच्या कामात एक रीत आहे. दार बंद असले, आत जाता आले नाही, की मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढून तो आकडा लिहायचा आणि शेजारी एक फुली मारायची. मला काम शिकवणारे काका म्हणायचे, "पोरा, घाबरतोस काय? पाणी कुठं पळून जातंय? पुढच्या वेळी दार उघडलं की हिशेब आपोआप जागेवर येतो." हे काका निवृत्त होईपर्यंत कधी तक्रारीत सापडले नाहीत.

एखादा दिवस असा असतोच, असे मी मनाशी म्हटले. उद्या उतरेल. मी अडतीस लिहिले.

फुली मारली नाही.

दुसऱ्या दिवशी त्रेचाळीस. मी अडतीस लिहिले. मग पंचेचाळीस आला, तेव्हा सदतीस लिहिले, कारण सगळे सारखेच आकडे संशय जागवतात हे मला धंद्याने शिकवले होते. आणि काकांनी न शिकवलेली गोष्टही मला ठाऊक होती. एकदा सरासरी लिहिली की पुढचा खरा आकडा एकदम उडी मारतो, साहेब विचारतात, मागचे सगळे उघडे पडते. म्हणून काही मीटरवाचक दार उघडले तरी सरासरीच पुढे चालवतात. मी त्यांना मनातून तुच्छ लेखत असे.

ताईला शंका आली नाही असे नाही. मुंगीला कुशीत घेऊन पडल्यावर ती कधीकधी विचारायची, "आज जरा जोरात चाललाय का रे हिचा?" मग स्वतःच हात लांबवून वही उघडायची, अडतीस वाचायची आणि दिवा मालवायची. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तिचा माझ्या अक्षरावर विश्वास होता.

वीस तारखेला आम्ही दवाखान्यात गेलो. मुंगीच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून पाहिला. "काठावर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी वही उघडली. पाने उलटता उलटता त्यांचा चेहरा सैल झाला. "पण वही चांगलं सांगतेय. कुणी लिहिलीय? इतकी नेटकी वही मला कुणी आणून देत नाही."

"माझा भाऊ," ताई म्हणाली. "आकड्यांचा किडा आहे तो."

मी जमिनीकडे बघत राहिलो. लाजाळू माणसाचे एक सुख असते. त्याचे मान खाली घालणे कोणाला खटकत नाही. औषध अर्धे झाले. घरी येताना ताईने मुंगीला कडेवर घेतले आणि जिना चढताना एकदाही थांबली नाही. मला वाटले, आता बोलावे. दुसऱ्या मजल्यावर वाटले, तिसऱ्या मजल्यावर वाटले. मग कुलूप निघाले, मुंगीला भूक लागली, आणि ती वेळ गेली.

पुढचे नऊ दिवस मी मोजत होतो आणि अडतीस, कधी सदतीस लिहीत होतो.

एकोणतीस तारखेला दुपारी मी दार उघडले तेव्हा ताई निघायच्या तयारीत होती. मुंगी खुर्चीत पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसली होती. तिने मीटर म्हटले नाही. तिचे ओठ शाई लागलेल्या बोटासारखे दिसत होते, आणि बरगड्यांच्या मधली कातडी प्रत्येक श्वासाला आत खेचली जात होती.

"सकाळी बरी होती," ताई म्हणाली. "आत्ता, आत्ता झालं हे. तू काल अडतीसच म्हणालास ना?"

मी मुंगीला उचलून जिना उतरलो. तिचे डोके माझ्या खांद्यावर होते आणि मी नको म्हणत असतानाही मोजत होतो.

दवाखान्यात तिच्या तोंडावर मास्क बसला, हातात सुई गेली. दोन तासांनी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेरच्या बाकावर बोलावले. वही त्यांच्या हातात होती.

"मला हे जुळत नाहीये," त्या म्हणाल्या. "औषध अर्धं केल्यावरही नऊ दिवस ती अडतीसच्या आसपास आहे. आणि मग आज एकदम बासष्ट. म्हणजे औषध कमी केल्यानं हे झालेलं नाही. आत काहीतरी नवीन आहे. भूल देऊन, घशातून फुप्फुसात नळी घालून बघावं लागेल. संध्याकाळच्या आत."

"भूल? या अवस्थेत?" ताईने विचारले.

"धोका आहे. मी लपवत नाही. पण कारण कळल्याशिवाय मी कशावर उपचार करू?"

त्यांनी संमतीचा एक कागद पुढे केला. ताईने पेन घेतले. टोपण काढून ती सहीची जागा शोधू लागली. मला माझ्या जिभेचे वजन जाणवले. आयुष्यभर ती अशीच पडून राहिली होती, दगडासारखी, आणि मी त्याला स्वभाव म्हणत आलो होतो.

"वही खरी नाही," मी म्हणालो.

दोघी माझ्याकडे वळल्या.

"आठ तारखेपासून. मी अडतीस लिहीत होतो. येत नव्हते अडतीस."

"मग किती येत होते?" डॉक्टरीणबाईंचा आवाज अगदी सपाट होता. "लिहून ठेवलेत कुठे?"

"पाठ आहेत."

मी सांगत गेलो. आठला चव्वेचाळीस. नऊला त्रेचाळीस. दहाला पंचेचाळीस. डॉक्टरीणबाई वहीतल्या प्रत्येक आकड्यावर रेघ मारून शेजारी खरा आकडा लिहीत होत्या. वीसला सत्तेचाळीस. तेविसाला एक्कावन्न. ताई कागद हातात धरून उभी होती. मधेच तिने विचारले, "एकोणीसला?"

"अठ्ठेचाळीस."

"उद्या औषध अर्धं होणार म्हणून त्या दिवशी मी सगळ्या लाइनीला सांगितलं होतं," ती म्हणाली. "मशीन बंद करून सांगितलं होतं."

अठ्ठाविसाला छप्पन्न. तिथे माझे आकडे संपले.

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली. "हे औषध कमी पडल्यामुळेच झालंय. नळी नको." त्या आत धावल्या. जाताना त्यांनी तो कागद ताईच्या हातातून काढून घेतला आणि फाडला. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही.

ताई भिंतीला टेकली. मी वाट पाहत होतो, की ती ओरडेल, थोबाडीत मारेल, लहानपणीसारखी "मुकं जनावर" म्हणेल. ती एवढेच म्हणाली, "मी घाबरेन म्हणून लिहिलंस?"

"हो."

"मी घाबरले असते, तर तिला घेऊन आले असते."

तीन दिवस पूर्ण औषध शिरेतून गेले. मुंगी वाचली. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता ऑक्सिजनचे यंत्र घरी न्यावे लागेल, झोपेत तर नेहमीच. नळ्यांचे आणखी नुकसान झाले आहे. ताईने विचारले, "ते तीन आठवडे वाया गेले नसते, तर?" "ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "कुणालाच येणार नाही." त्या वाक्यात मला सोडवले नव्हते आणि बांधलेही नव्हते. मी आता त्याच वाक्यात राहतो.

त्या दुपारी मी वॉर्डच्या दाराशी उभा होतो. ताई तीन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. डबा घ्यायची आणि पाठ फिरवायची. मुंगीने डोळे उघडले, मास्कच्या वरून मला पाहिले, आणि सुई लावलेला हात सावकाश हलवून अंगावरचा सदरा वर ओढू लागली. पोटापर्यंतच ओढता आला. मग तशीच झोपली, हात तिथेच ठेवून.

ताईने पिशवीतून वही काढली. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

"मोज," ती म्हणाली.

मी पलंगाच्या एका बाजूला बसलो, ती दुसऱ्या बाजूला. सेकंदकाटा बारावर आला. आम्ही दोघे त्या उघड्या पोटाकडे बघत होतो आणि कोणाचेच ओठ हलत नव्हते. यंत्राची बारीक गुरगुर चालू होती. काटा पुन्हा बारावर आला तेव्हा तिने आधी वहीत लिहिले, हाताने ते झाकले, आणि मग मला विचारले, "किती?"

"सत्तेचाळीस."

तिने हात काढला. पानावर मधोमध तिने रेघ मारली होती. तिच्या बाजूला सत्तेचाळीस होते. दुसऱ्या बाजूला तिने माझे सत्तेचाळीस लिहिले, वही मिटली, पिशवीत ठेवली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.

"उद्या पण ये," ती म्हणाली. "याच वेळेला."